नखेश्वर बाबांनी काढलेली गाठ

नखेश्वर बाबांनी शकुआत्याच्या पोटातली गाठ चाकू न लावता काढली आणि आत्या ठणठणीत झाली. आता हे घडलंच नाही असं समजा. मीही तसंच समजून लिहितो.

गेलं साल, चौऱ्याऐंशी. मालाडच्या मैदानात मांडव, हजारभर माणसं. आत्याच्या जठरात गाठ होती. डॉक्टर मृणालिनीबाईंनी समजावलं होतं की प्रकार दुर्मिळ आहे, एकाच गाठीत दोन जातींच्या पेशी. एका कोपऱ्यातला तुकडा तपासून भागत नाही. गाठ अख्खी काढायची, दोन्ही जाती बघायच्या आणि जास्त खवळलेली जी असेल, तिला धरून पुढचे उपचार. ऑपरेशन सोमवारी ठरलं. आत्या रविवारी बाबांकडे गेली.

दारात शिष्याने रिपोर्ट जमा करून घेतला. तासाभराने बाबा म्हणाले, "माई, तुझ्या गाठीत दोन जीव आहेत. एक पूर्वजाचा, एक शेजारणीचा."

आत्या रडली. शेजारीण सोबतच आली होती, तीही रडली. बाबांनी पोटावर ओला कापूस ठेवला, बोटं खुपसली, लाल पाणी वाहिलं आणि जोडगाठ बाहेर आली. ती फडक्यात बांधून, न बघता समुद्रात सोडायचा हुकूम झाला. आत्याने सोमवार रद्द केला.

गाठ सोडायला मला पाठवलं. आमचा समुद्र म्हणजे खारदांडा, कारण घरची मासळी तिथली. आमच्या नेहमीच्या कोळीण रुक्मिणीमावशीने वास घेतला आणि फडकं उघडलं.

"सुरमईची गाबोळी हाय, पोरा. अंडी. जोडीनंच असतात."

"आत्याच्या पोटातून निघाली."

"मग आत्याला मीठ लाव. शिळी हाय."

पुढच्या रविवारी मावशी स्वतः पोटदुखीचं सोंग घेऊन मांडवात आडवी झाली. मी आत्याला पुढे बसवलं. बाबांचा हात पोटावर येताच मावशीने मनगट धरलं आणि कापूस फाडला. आत गाबोळी, कुंकवाच्या पाण्यात भिजलेली. बाबा म्हणाले, ही माया आहे. मावशी म्हणाली, ही पण शिळी आहे.

आत्या स्वतःच्या पोटावरून हात फिरवत राहिली. "टाका कुठाय रे माझा?"

नवी तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. गाठ अख्खी निघाली. पण खवळलेली जात तोवर शेजारच्या ग्रंथींत शिरली होती. आत्या अजून औषधं घेते. मी अजून बाबांचा पत्ता जपून ठेवलाय.

पोट उघडलं की टाका पडतो. टाका नसेल तर पोट उघडलेलं नाही. दिलेल्या तारखेला डॉक्टरकडे जा.

महापालिकेस अर्ज: सदर बाबांस मासेविक्रीचा परवाना देऊन खारदांड्यास रुक्मिणीमावशीच्या शेजारी, छत्रीविना, आत्या बरी होईपर्यंत बसवण्यात यावे, ही नम्र विनंती.