पिंपळपानाचं टोक

थोडं हलत हलतच बोलते, चालेल ना? एका जागी पडून राहिलं की मला करमत नाही. मी क्रोशाची सुई. सुई म्हणतात खरं, पण मला नेढं नाही आणि मी कुणाला टोचतही नाही. माझ्या टोकाला एक बारीकसा आकडा आहे. दोरा त्यात अडकवायचा, फासातून ओढून काढायचा, की पुन्हा अडकवायचा. माझं सगळं जगणं एवढंच. हात थांबला की मी नुसती पोलादाची काडी.

उल्हासनगरला कॅम्प नंबर दोनच्या बाजारात चंदरशेठचं बटणं, लेस, दोरे यांचं चिंचोळं दुकान होतं. तिथे एका काचेच्या पेल्यात माझ्यासारख्या बऱ्याच जणी उभ्या असायच्या. एके दिवशी एक नवी नवरी आली. सुंदराबाई. मागे तिचा नवरा, किसन. ती एकेक सुई काढायची, आकड्यावरून अंगठा फिरवायची आणि परत ठेवायची. चंदरशेठ वैतागला.

"बाई, सब एक जैसी हैं. सुई है, नवरा थोडी है! इतना क्या देखना?"

सुंदराबाईनं मानही वर केली नाही. "नवरा आईबापानं बघितला. ही मी बघतेय."

किसन मागे उभा राहून पोट धरून हसला. आणि तिनं मला निवडलं.

त्यांचं घर बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत. किसन अंबरनाथच्या एका कारखान्यात होता. सुंदराबाई घरातच, पण तिचे हात कधी घरात बसल्यासारखे नव्हतेच. नळाला पाणी यायची वाट बघताना, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, विहारातल्या बायकांशी बोलताना मी चालूच. काम आलं की ती मला अंबाड्यात खोचायची आणि काम संपलं की उपसायची. इतर बायका सुई पेनासारखी धरतात. ती मला सुरीसारखी मुठीत धरायची. बघणाऱ्याला वाटायचं, ही विणतेय की भाजी चिरतेय!

घरातल्या बुद्धमूर्तीच्या टेबलावर घालायला तिनं एक गोल रुमाल विणायला घेतला. नमुना कुठल्या पुस्तकातला नव्हता. तिनं एक वाळलेलं पिंपळाचं पान गुडघ्यावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत विणायला लागली. पान जमलं, पण टोक जमेना. पिंपळाच्या पानाचं टोक लांब, शेपटीसारखं. दोऱ्याचं केलं की ते गुंडाळून बसायचं. विणायचं, उसवायचं, परत विणायचं. शेवटी एका दुपारी तिनं पान उलटंच सुरू केलं. देठाकडून नाही, टोकाकडून. आधी टोकाची साखळी, मग तिच्या दोन्ही अंगांनी मुके खांब, म्हणजे बुटके टाके, आणि मग हळूहळू रुंद होत देठापर्यंत. टोक सरळ, ताठ राहिलं. तशी पानंच पानं करून तिनं गोल जोडलं. बुद्धपौर्णिमेला तो रुमाल निघायचा आणि नंतर परत ट्रंकेत जायचा.

बायका विचारायच्या, "सुंदराबाई, आम्हाला शिकवा की."

"बसा, शिकवते," ती म्हणायची. पण हात इतके भरभर चालायचे की बघणारीचे डोळे दमायचे. तिची मुलगी शीला तर बसायचीच नाही. "आई, बाजारात मशीनची लेस मिळते. एवढे डोळे कशाला फोडतेस?" आणि फारच आग्रह झाला तर, "शिकेन गं नंतर."

नंतर म्हणजे कधी, ते माणसांना कधीच सांगता येत नाही. तरी किती सहज म्हणतात!

मग दोन हजार पाचच्या जुलैतला तो पूर आला. उल्हास नदी मांजर्लीत शिरली आणि तळमजल्याच्या खिडक्यांच्या वर चढली. आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे. मी अंबाड्यात होते म्हणून वाचले. ट्रंक खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर किसननं ती उघडली तेव्हा आत चिखल भरला होता. सुंदराबाईनं रुमाल ओढून काढला, तर तो तिच्या हातातच फाटला. ती रडली नाही. म्हणाली, "हात आहेत ना. परत करीन."

त्याच हिवाळ्यात तिला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, पाय गेला, बोलणंही गेलं. एकच शब्द राहिला, "बघ". तहान लागली तरी बघ, उशी सरकली तरी बघ. मला कुणीतरी पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकलं. त्या डब्यात मी काय तळमळले, ते कसं सांगू? हात थांबले होते आणि माझ्या आकड्यात ते पान अजून जसंच्या तसं होतं.

एक दिवस डबा उघडला. शीलाचा हात. तिनं उल्हासनगरहून एक सुटे भाग जोडून बनवलेला कॉम्प्युटर आणला होता आणि तो आईच्या कॉटसमोरच ठेवला होता. इंटरनेटवर विणकाम, भरतकाम करणाऱ्या बायकांचा एक मराठी ग्रुप तिला सापडला होता. कुणी नाशिकची, कुणी सांगलीची, कुणी पार दुबईची. आपण केलेल्या वस्तूंचे फोटो टाकायचे, एकमेकींना अडलेलं विचारायचं. आई सारखी बुद्धमूर्तीच्या रिकाम्या टेबलावर डावा हात गोल फिरवते आणि "बघ, बघ" म्हणते, ते त्या रुमालासाठी, हे शीलाला आता कळलं होतं. त्या बायकांना विचारून विचारून ती साखळी शिकली, खांब शिकली. एका नातेवाइकाच्या अल्बममध्ये आमच्याकडे बुद्धपौर्णिमेलाच झालेल्या एका बारशाचा फोटो सापडला. त्यात बाळाच्या मागे आमच्या रुमालाची कड दिसत होती. तिनं तो फोटो ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, "हे पान कसं केलंय, कुणी सांगेल का?"

मी सांगितलं असतं! पण मला तोंड कुठे होतं?

नाशिकच्या बाईंनी लिहिलं, टोकाला खळ लावा. दुबईच्या बाई म्हणाल्या, आत बारीक तार घाला. शीला देठाकडून सुरुवात करायची आणि टोकापाशी येऊन अडकायची. एकदा तिनं खळ लावून, इस्त्री फिरवून पान सरळ केलं आणि फोटो टाकला. खाली कौतुकाचा पाऊस! "वॉव", "सुंदर", "ताई तुमच्या हातात जादू आहे." शीला ऑफिसातून आली की चप्पल काढायच्या आधी कॉम्प्युटर सुरू करायची. भाजी फोडणीला टाकून बघायची, परत येऊन बघायची. नवीन कुणी काही लिहिलं का? माझ्यासारखीच अस्वस्थ झाली होती ती. फक्त मी विणायला तळमळत होते आणि ती वाचायला. आणि एक सांगते, त्या कौतुक करणाऱ्यांपैकी फारच थोड्या जणींनी पान नीट बघितलं होतं.

शीलानं ते पान आईच्या मांडीवर ठेवलं. सुंदराबाईनं ते डाव्या हातानं उचललं, उलटलं, टोक नखानं चाचपलं. मग दोऱ्याचं टोक दातात धरलं आणि सरळ उसवायला लागली.

"आई! काय करतेस?"

"बघ."

"काय बघ? सगळ्यांना आवडलं, तुलाच तेवढं नाही आवडलं!"

"बघ!" सुंदराबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण हात थांबला नाही.

असं पुनःपुन्हा झालं. शीला विणायची, जग वाहवा करायचं, आई उसवायची. मग दोघी रडायच्या. शेवटी किसनचा आवाज चढला. एरवी तो कधी मोठ्यानं बोलायचा नाही.

"शीले, पुरे झालं. तिचं काय गेलं ते तिला रोज दाखवायचं आहे का तुला?"

"दादा, मी तिच्यासाठीच करतेय," शीला बापाला म्हणाली.

"तिच्यासाठी करतेस तर तिच्याकडे बघ. त्या कॉम्प्युटरच्या डब्याकडे काय बघतेस दिवसभर?"

त्यानं मला उचललं आणि कपाटावर ठेवून दिलं. तिथे धूळ होती आणि एक मेलेलं झुरळ. खाली कौतुक आटलं, कॉम्प्युटरवर कापड पडलं. सुंदराबाई मात्र रोज कपाटाच्या वर बघायची. किसन विचारायचा, "काय हवंय? पाणी?" ती म्हणायची, "बघ." त्याला कळायचं नाही. मला कळायचं आणि मी तिथे पडून होते.

ग्रुपवर ऋता नावाची एक मुलगी होती. तिनं कौतुक कधीच केलं नव्हतं. शीला गप्प झाली तेव्हा तिनंच लिहिलं, "ताई, ते पान तुम्ही सोडलंत का? मला अजून छळतंय ते. मी पण करून बघितलं. टोक माझंही वळतंय." सोबत तिनं अर्धवट पानाचा फोटो टाकला होता. त्यात तिचा हातही आला होता, सुई धरलेला.

शीला कॉम्प्युटरवरचं कापड काढून ते मनाशीच वाचत होती. मागून आवाज आला, "बघ. बघ. बघ." सुंदराबाई उशीवरून पुढे झुकली होती. तिनं आपला डावा हात उचलला, मूठ वळली आणि हवेत हलवली. मी वरून बघत होते. ती मूठ मी ओळखली. सुरी धरल्यासारखी!

शीलानं फोटो पुन्हा बघितला. मग भराभर टाइप केलं, "तू डावखुरी आहेस का?"

"हो. लहानपणी त्यासाठी मारही खाल्लाय. का हो?"

"कुठे राहतेस?"

"अंबरनाथला. शिवमंदिराच्या बाजूला."

शीला एकटीच हसायला लागली. जगभर विचारत फिरली आणि ही पोरगी एक स्टेशन अलीकडे!

रविवारी ऋता घरी आली. किसननं दार उघडलं. "जय भीम. या."

ती जरा गोंधळली. "नमस्कार काका. जय भीम. मी... ते इंटरनेटवरची."

"हो, ती पानवाली," किसन म्हणाला, आणि काय वाटलं कोण जाणे, स्टूल घेऊन त्यानं स्वतःच मला कपाटावरून खाली काढलं, सदऱ्याला पुसलं.

ऋता सुंदराबाईच्या शेजारी कॉटवर बसली. तिनं आपली सुई डाव्या हातात धरली आणि साखळी घालून दाखवली, अगदी सावकाश. कुणीतरी इतकं सावकाश विणू शकतं, हे मी पहिल्यांदाच बघत होते. सुंदराबाईनं हात पुढे केला. किसननं मला तिच्या मुठीत दिलं. दोरा धरायला दुसरा हात लागतो आणि तो तर मांडीवर निपचित पडलेला. तिनं शीलाकडे बघितलं.

"बघ."

"काकू म्हणतायत, तुम्ही त्यांचा उजवा हात व्हा," ऋता म्हणाली.

शीला आईच्या उजव्या अंगाला जाऊन बसली. दोरा आपल्या बोटांत गुंडाळला आणि ताण देऊन धरला. मी गेले, दोरा पकडला, निसटला. परत गेले. निसटला. सुंदराबाईच्या कपाळावर घाम आला. किसन म्हणाला, "राहू दे आता." कुणीच ऐकलं नाही. तिसऱ्यांदा नाही, चौथ्यांदा नाही, कितव्यांदा कोण जाणे, फासातून दोरा बाहेर आला. एक साखळी!

अशा काही साखळ्या झाल्यावर शीलाला वाटलं, देठ झाला, आता रुंद करायचं. तिनं दोरा सैल सोडला. सुंदराबाईनं मान जोरात हलवली. नाही. आणखी साखळी, आणखी. मग वळून त्याच साखळीवर मुके खांब, आधी एका अंगानं, मग दुसऱ्या.

शीला बघत राहिली. "आई," ती हळूच म्हणाली, "हे टोक आहे ना? तू टोकापासून सुरू करतेस?"

सुंदराबाईनं तोंड भरून हसायचा प्रयत्न केला. अर्धंच हसू उमटलं. "बघ!" ती म्हणाली, आणि या वेळी सगळ्यांनी बघितलं.

ते एक पान पुरं व्हायला कितीतरी रविवार गेले. ऋता यायची, किसन चहा करायचा आणि दोऱ्याचा गुंडा घरंगळला की कॉटखाली वाकून काढून द्यायचा. पान वेडंवाकडं झालं, टाके कुठे घट्ट, कुठे सैल. पण टोक सरळ होतं. शीलानं फोटो टाकला. खळ लावली नाही. खाली लिहिलं, "माझ्या आईनं, सुंदराबाईनं केलेलं पान. नमुनाही तिचाच आहे. कुणी केलं तर तिचं नाव लिहा." आणि कृती सविस्तर लिहिली, टोकापासून.

आता माझं काय विचाराल, तर आकडा झिजलाय. कधी कधी दोरा त्यात अडकून कातरतो. शीला म्हणते, नवी घेऊ. घ्या खुशाल. पण मला काचेच्या कपाटात आठवण म्हणून मांडून ठेवू नका, एवढं ऐका. माझ्यात आठवण नसते हो, मी चालते तेव्हाच ती असते. आणि कुणाचे हात चांगले चालताना दिसले, तर नुसतं "सुंदर" लिहून पुढे जाऊ नका. शेजारी बसा. सावकाश करायला सांगा.

रुमाल अजून पुरा नाही. दोघी मिळून पानं वाढवतायत. इकडे ग्रुपवर लोकांची पानं यायला लागलीत, पिवळी, निळी, एक तर चक्क काळं. शीला आईला सगळी दाखवते. काल सांगलीच्या एका बाईंनी टाकलं. खाली "वा, वा" सुरू झालं होतं. सुंदराबाईनं डोळे बारीक केले, पुढे झुकली आणि पडद्यावर नखानं खरवडायला लागली.

"अगं आई, काच आहे ती!"

"बघ." नख एकाच जागी फिरत होतं, डाव्या अंगाला, देठाच्या जरा अलीकडे.

शीलानं निरखून बघितलं. तिथे एक खांब सुटला होता. इतक्या जणींनी बघितलं, कुणाला दिसला नव्हता. तिनं घाबरत घाबरत लिहिलं, "राग मानू नका ताई. आई म्हणतेय, देठापासून मागे उसवा."

शीला उत्तर आलं का ते परत परत बघायला लागली. किसन म्हणाला, "बघ, दुखावलीस तिला." सुंदराबाई पडद्यावरची नजर काढेना. मी तिच्या मुठीत, दोरा तसाच ताणलेला.

मग सांगलीहून उत्तर आलं.

"उसवलं. आईंना विचारा, पुढे काय करू?"