कुत्र्याची फळी

शिंगणापुरात घरांना दारं नाहीत. देव राखणीला बसलाय, मग माणसानं कडी कशाला लावायची, असं गावाचं म्हणणं. कुत्रं आत शिरू नये म्हणून उंबऱ्याशी एखादी फळी टेकवतात, तेवढंच. बायडाबाईला यात कधी वावगं वाटलं नव्हतं. पण चोर बाहेरून येतो. तिचा सासरा आतून निघून जात होता, आणि त्याला काय करायचं हे कुणी सांगून ठेवलं नव्हतं.

सहादेवबाबांनी तीस वर्षं ओलेत्यानं चौथऱ्यावर चढून शनिदेवाला तेल घातलं. आता त्यांना सूनही ओळखू येत नव्हती. दुपार झाली की उठायचे आणि चालू लागायचे. परवा लोकांनी त्यांना विहिरीच्या काठावरून धरून आणलं. लढाईचे दिवस, नवरा आसाराम नगरच्या छावणीत कामाला. घरात दुसरं माणूस नाही आणि बाजरी काढायला आलेली. बायडाबाईचा जीव टांगणीला लागला होता.

शेवटी तिनं कुत्र्याची फळी दारात आडवी लावली आणि बाहेरून वाटणाचा पाटा टेकवला. शेजारची छबूबाई बघत होती.

"बायडे, हे दारच झालं की गं."

"चौकट न्हाई, कडी न्हाई. दार कसं हुईल?" असं म्हणून ती रानात गेली खरी, पण कणसं खुडताना तिचा हात चालेना.

ऊन कलताच ती परतली. फळी जिथल्या तिथं होती. म्हाताऱ्यानं जरा नेट लावला असता तरी पडली असती. तिनं ती बाजूला सारली. बाबा आत हात जोडून बसले होते, धोतर ओलंचिंब, माठ रिकामा. देवापुढं जायचं म्हणून त्यांनी अंगावर पाणी ओतून घेतलं होतं.

"माझ्या घराला दार कुनी लावलं?" ते रडत होते. "म्या काय पाप केलं, देवा?"

सगळं विसरलेल्या माणसाला नेमकं तेवढंच आठवत होतं. बायडाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं कुऱ्हाड घेतली आणि फळी चुलीपुरती फोडून टाकली.

सकाळी तिनं गोठ्यातलं दावं आणलं. एक टोक खांबाला बांधलं आणि दुसरं हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. बाबांनी दाव्याकडं पाहिलं, मोकळ्या उंबऱ्याकडं पाहिलं आणि समाधानानं पाय पुढं केला.

"बांध, पोरी. देवाला हे चालतं." मग तिच्या तोंडाकडं बघत म्हणाले, "तू कुनाची गं?"

"तुमचीच, मामंजी."

तिनं सैल गाठ मारली. मग विहीर आठवली, आणि ती गाठ सोडून तिनं घट्ट बांधली.