नंदीचा हिरवा घाम

श्रावणी सोमवार. तुकोगंजात कुमुदिनीबाईंच्या घरासमोर सकाळपासून चपलांचा ढीग पडला होता आणि रांग जिन्यावरून थेट गेटापर्यंत आली होती. रांगेत बँकेतून रिटायर झालेले मॅनेजर होते, एक वकील होते, परदेशीपुऱ्याहून रिक्षा भरभरून आलेली माणसं होती. एका हातात बेल, दुसऱ्या हातात मोबाईल. व्हिडिओ काढल्याशिवाय हल्ली कोणाला दर्शन पचत नाही.

आत देवघरात, समईच्या अगदी पुढ्यात, एक अल्बम उघडा ठेवला होता. त्याच्या पारदर्शक कप्प्यांत होळकरांच्या काळातली तांब्याची नाणी होती आणि प्रत्येकावर बसलेला नंदी होता. नंदीच्या पाठीवरून, वशिंडावरून हिरवे चिकट थेंब ओघळत होते.

"घाम समजू नका, हलाहल आहे," रांग पुढे ढकलणारा जयेश प्रत्येकाला तेच ऐकवत होता. "महादेवानं गळ्यात धरलेलं विष नंदीच्या अंगातून निघून राहिलंय. फोटो घ्या, पण हाथ नका लावू, भिया."

जयेश हा नर्मदानंद महाराजांचा पट्टशिष्य. महाराज स्वतः आतल्या सोफ्यावर पंख्याखाली बसले होते आणि भक्तांसाठी केलेले पोहे वर जिरावण मसाला घालून सर्वांत आधी खात होते. हलाहलाच्या इतक्या जवळ बसूनही भूक उत्तम होती.

स्वयंपाकघराच्या दारात देवयानी उभी होती. कुमुदिनीबाईंची ही मुलगी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. त्या अल्बमात तिच्या वडिलांचा सगळा जन्म होता.

गजाननराव पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात नोकरीला होते. आजोबा होळकर दरबारच्या खजिन्यात कारकून, म्हणून नातवाला होळकरी नाण्यांचा नाद. दर रविवारी जुन्या बाजारात फिरायचे आणि एकेक नाणं घरी आणायचे. प्रत्येकाला स्वतः चिकटवलेला कागदी लिफाफा, लिफाफे स्टीलच्या डब्यात, डबा लोखंडी कपाटात. नाणं धरायचं तर कडेनं. चिंच लावून घासायला गेलेल्या बायकोवर ते आयुष्यात एकदाच ओरडले होते, ते ह्या नाण्यांपायी.

गेल्या वर्षी ते गेले. उन्हाळ्यात घरी सत्संग झाला, तेव्हा जयेशनं तो डबा पाहिला आणि कपाळावर हात मारला. देवाचं रूप लिफाफ्यात कोंडून ठेवता, माताजी? पुढच्याच खेपेला तो मऊ प्लास्टिकचा अल्बम घेऊन आला आणि महाराजांची भेट म्हणून देऊन गेला. होळकरांच्या चाकरीत पिढ्या गेलेलं घर ते. नंदीची मोहर दिसली की ह्या घरात हात आपोआप जोडले जातात. अल्बम देवघरात गेला. रोज समई, धूप, ओली फुलं. पावसाळा लागला आणि नंदीला घाम फुटला.

मग महाराज आले, डोळे मिटून बसले आणि निदान झालं. गजाननजी ह्याच विषानं गेले. आता बेटे का नंबर आहे. उपाय एकच: सगळा संग्रह, तांब्याचा आणि चांदीचाही, लाल कपड्यात बांधून श्रावणी सोमवारी महाराजांच्या हाती द्यायचा. ते ओंकारेश्वरला खोल पाण्यात विसर्जन करतील. एकटे जातील, कारण विष दुसऱ्या कोणाला सोसणार नाही.

चांदीच्या रुपयांना तर थेंबही आलेला नाही, असं देवयानीनं तेव्हाच म्हटलं होतं. महाराज हसले होते. "आएगा बेटी, आएगा. विष पसरतं."

घरात मात्र कोणी हसत नव्हतं. आई रात्ररात्र जागी राहून मुलाच्या खोलीच्या दारावर कान ठेवायची. तो मुलगा, निखिल, सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. लाखोंच्या मशिनी ह्याच्या भरवशावर चालतात, आणि हा छातीत धडधड होते म्हणून महाराजांचा दोरा बांधून हिंडत होता. "ताई, रिस्क कशाला घ्यायची? नाणीच तर आहेत," हे त्याचं म्हणणं. शिकलेला माणूस मूर्खपणा करायला लागला की त्याला व्यवहार म्हणतो.

आरती झाली. जयेशनं लाल कपडा अंथरला आणि अल्बमाकडे हात नेला. त्याच्या आधी देवयानीनं तो उचलला.

"महाराज, सगळ्यांनी एकच पान पाहिलंय. मागचीही बघू द्या."

तिनं पान उलटलं. तिथे इंग्रजी अमलातले तांब्याचे पाव आणे होते. त्यांच्यावर विलायतेच्या राणीचा मुखडा, आणि राणीच्या नाकावरून हनुवटीपर्यंत तसाच हिरवा चिकटा.

"ही राणी हलाहल कधी प्यायली?" देवयानीनं विचारलं.

बँकेचे मॅनेजर फिसकन हसले. महाराजांनी क्षणभरच डोळे मिटले. "अंग्रेजांचं पाप आहे ते. निघून राहिलंय."

आणि गर्दीनं ह्यालाही माना डोलावल्या. अशा माना नुसत्या डोलवायलाच उपयोगी पडतात, आत काही ठेवावं लागत नाही.

देवयानीनं शेवटचं पान उघडलं. तिथे गजाननरावांनी कारखान्यातून आठवण म्हणून आणलेला तांब्याचा वॉशर होता. कप्पा रिकामा दिसतो म्हणून निखिलनंच तो सरकवला होता. वॉशरही हिरवागार. "ह्याच्यावर देव नाही, राणी नाही. मधोमध भोक आहे. ह्याचं पाप कोणतं?"

मग तिनं वडिलांचा स्टीलचा डबा आणला, दोन लिफाफे फाडले आणि आतली नाणी कडेनं धरून समईसमोर दाखवली. तोच नंदी होता. जास्तीचा म्हणून डब्यातच राहून गेलेला. तपकिरी, कोरडा, ठणठणीत.

"हाही महादेवाचाच ना? मग कागदातल्या नंदीला घाम का नाही?" तिनं अल्बम मॅनेजरसाहेबांच्या नाकाशी धरला. "वास घ्या."

त्यांनी घेतला. "रेनकोटसारखा येतोय."

"तेच आहे हे. पीव्हीसी. मऊ राहावं म्हणून ह्यात तेलकट रसायन मिसळतात. उष्णता लागली, दमट हवा लागली की ते पाझरतं आणि प्लास्टिकमधून आम्ल सुटतं. आम्ल तांब्याला खातं आणि हिरवा क्षार धरतो. आम्ही अल्बम समईपुढे ठेवला, शेजारी ओली फुलं ठेवली. म्हणजे नंदीला आम्हीच शिजवला."

जयेश घाईनं म्हणाला, "मॅडम, अल्बम तर तुमच्याच घरचा आहे."

"अल्बम तू आणला होतास, भिया," निखिल बोलला. आवाज बारीक होता, पण बोलला. मनगटावरचा दोरा तो नखानं कुरतडत होता.

तेवढ्यात परदेशीपुऱ्याची एक बाई पुढे आली. तिच्या जेठांकडे, म्हणजे थोरल्या दिरांकडेही सत्संगानंतर जयेशनंच असा अल्बम दिला होता, तिथेही तांबं हिरवं झालं, आणि तिथला चांदीच्या नाण्यांचा डबा महाराज एकटेच ओंकारेश्वरला घेऊन गेले होते. ती हे अगदी भाबडेपणानं सांगत होती. सांगता सांगताच तिला समजलं आणि तिनं महाराजांकडे वळून पाहिलं.

वकिलांनी मोबाईल काढला, पण ह्या वेळी त्याचं तोंड महाराजांकडे होतं. महाराजांना अचानक उज्जैनचा दुसरा कार्यक्रम आठवला.

कुमुदिनीबाई इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि लाल कपड्याची घडी घालू लागल्या.

"माझे यजमान विषानं गेले म्हणालात तुम्ही. ते साखरेनं गेले. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं होतं, ह्यांनी जिलेबी सोडली नाही. शेवटी मी उशाशी होते, तुम्ही नव्हता." घडी त्यांनी जयेशच्या हातात दिली. "सगळा पावसाळा मी माझ्या पोराच्या मरणाची वाट बघत जागले. पोहे झाले असतील तर उठा."

महाराज उठले. गेटाबाहेर गाडीपाशी त्यांच्या पाया पडायला तरीही पाचसहा जण धावले. काहींना लाथ बसली तरी ती आशीर्वाद वाटते.

देवयानीनं शाळेतून ॲसिटोन आणून प्रत्येक नाण्यावरचा चिकटा कापसानं उतरवला. हिरवं निघालं, पण खाली तांब्याला खड्डे पडले होते. ते आता भरणार नाहीत. गजाननरावांनी जन्मभर जपलेलं एका पावसाळ्यात नासलं, आणि ते एकट्या लुच्च्यांनी नासवलं नाही. घरच्यांनी हात जोडून मदत केली.

म्हणून सांगायचं ते सरळ सांगतो. जुनी नाणी कागदी लिफाफ्यात, कोरड्या डब्यात ठेवा, घासू नका, वास मारणाऱ्या प्लास्टिकच्या जवळही नेऊ नका. आणि देवाला घाम फुटला, मूर्ती रडली, फोटोतून राख पडली असं कोणी सांगत आलं, तर हात जोडायच्या आधी देव कशात ठेवलाय ते बघा, आणि ते कोणी आणून दिलं ते विचारा. विचारल्यानं देव कोपत नाही. कोपतो तो त्याचा दलाल.