खडकाचं नाव, खडक ओलांडल्यावर

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा गोळा आहे. गोळा म्हटलं तरी अंगाने लांबट, वजनाला तीन किलो. डोक्याशी दोरीसाठी भोक आणि बुडाला अंगठ्याएवढा खळगा. या खळग्याला हसू नका, माझी सगळी प्रतिष्ठा त्यातच आहे.

माझा जन्म उत्तर नॉर्वेतल्या एका खाडीकाठी झाला. माझा मालक आस्लत, त्याच्या वडिलांनी फुटक्या जहाजाचं शिसं चुलीवर वितळवलं आणि वाळूच्या साच्यात ओतलं. मी थंड झाल्यावर म्हातारा मला म्हणाला, "जा बाबा, खाली काय आहे ते बघून ये." आयुष्यभर मी तेवढंच केलं.

खळग्यात मेंढीची चरबी भरायची आणि मला जहाजाच्या पुढच्या टोकावरून पाण्यात सोडायचं. अबब, काय ते खाली जाणं! आधी हिरवं पाणी, मग निळं, मग नुसता काळोख. तळ लागला की तिथली चिमूटभर वाळू चरबीला चिकटून माझ्याबरोबर वर येई. पसरलेल्या दोन हातांएवढा एक वाव; दोरी असे किती वाव गेली ते आस्लत मोजी, आणि वाळू जिभेला लावी. "शिंपल्यांचा चुरा. डावीकडे घ्या." धुक्यात स्वतःचा पंजा दिसत नसे, तेव्हा! तळाला प्रत्यक्ष जाऊन आलेलो मी, पण आपण कुठे आहोत हे मला कधी सांगता आलं नसतं. या माणसाला ते जिभेवर कळायचं. आजही आठवलं की मी थक्क होतो.

पण जहाजांचा वाटाड्या म्हणून कागदावर नाव होतं हाल्वोरचं. पितळी बिल्ला त्याच्या छातीवर. बिल्ल्याची परीक्षा नॉर्वेजियन भाषेत होई, आणि आस्लत पडला सामी, उत्तरेतल्या मूळ रहिवाशांपैकी. घरात, होडीत, स्वप्नात, सगळीकडे त्याची सामी भाषाच. म्हणून हाल्वोर वर कप्तानाशेजारी उभा आणि आस्लत खाली माझी दोरी धरून. हाल्वोर मोडक्यातोडक्या सामीत हळूच विचारी, "काय लागलं रे?" आस्लत सांगे. मग हाल्वोर वळून तेच नॉर्वेजियनमध्ये कप्तानाला ऐकवी, आणि कप्तान त्याची पाठ थोपटी. "वा हाल्वोर! समुद्र कोळून प्यायलास तू!" मी खाली लोंबकळत ऐकायचो. शिशालाही राग येतो, मित्रांनो.

तसा हाल्वोर मनाने वाईट नव्हता. गुडघे दुखायला लागल्यावर तोच म्हणाला, "आस्लत, माझी जागा आता रिकामी होणार. परीक्षेला बस. तुझ्या तोंडचं मी किती वर्षं बोलायचं?"

मग तो अख्खा हिवाळा आस्लतची बायको रिस्टेन त्याला नॉर्वेजियन शिकवत बसली. लग्नाआधी ती दुकानदाराच्या घरी कामाला होती, भाषा तिथेच उचललेली.

"पुन्हा म्हण," ती म्हणे.

तो म्हणे.

"आधी तोंडातला बटाटा गीळ, मग बोल."

"तू माझी बायको आहेस की मास्तरीण?"

"परीक्षा होईपर्यंत मास्तरीण. पुढचं पुढे बघू."

वसंत आला तोवर त्याला सगळं येऊ लागलं. खडक, वाव, वाळू, डावं, उजवं. मी खुंटीवरून ऐकत होतो. माझी छाती फुगायचीच बाकी राहिली होती.

आता आमच्या खाडीतली एक रीत सांगतो. पाण्याखालच्या खडकावर असताना त्याचं नाव घ्यायचं नाही. नाव ऐकून तो जागा होतो म्हणतात. आधी खडक ओलांडायचा, मोकळ्या पाण्यात यायचं, मग नाव घ्यायचं. आस्लतच्या हे इतकं अंगात मुरलं होतं की आपण असं करतो हेही त्याला ठाऊक नव्हतं.

जूनमध्ये दक्षिणेहून आगबोटीने परीक्षा घ्यायला ब्रेक्के साहेब आले. दुकानदाराच्या दिवाणखान्यात टेबल मांडलं. आस्लतने मोठ्या अभिमानाने मला टेबलावर ठेवलं.

"ते खाली ठेव," साहेब म्हणाले. त्यांनी नकाशा पसरला. "खाडीतले बुडालेले खडक दाखव. नावासकट."

आस्लतने पहिल्या खडकावर बोट टेकवलं. अगदी अचूक! मग ते बोट अलगद दोन बोटं पुढे, मोकळ्या पाण्यात सरकवलं आणि तिथे थांबून नाव घेतलं. स्वच्छ नॉर्वेजियनमध्ये. साहेबांनी थांबलेल्या बोटाकडे पाहिलं आणि वहीत फुली मारली. असे अकरा खडक झाले आणि अकरा फुल्या. मी टेबलाखाली तडफडत होतो. अहो, बोट आधी कुठे टेकलं ते बघा ना! पण गोळ्याचं कोण ऐकतो?

"एकही खडक जागेवर नाही," साहेब म्हणाले. "आणि एकेक नाव घ्यायला एवढा वेळ? नापास."

बाहेर रिस्टेन वाट बघत होती. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि माझी पिशवी तेवढी त्याच्या हातातून घेतली.

दुसऱ्या दिवशी साहेबांची आगबोट निघाली आणि सकाळीच दाट धुकं उतरलं. नेहमीप्रमाणे हाल्वोर वर, आम्ही खाली. कप्तानाने हाल्वोरला विचारलं, "तळ कसा आहे?" हाल्वोरने त्या दिवशी कुजबुज केली नाही. कठड्यावरून वाकून मोठ्याने ओरडला, "आस्लत, काय लागलं?"

"कुणाला विचारतोस?" कप्तान चमकला.

"ज्याला कळतं त्याला. मला एकोणीस वर्षांत काहीच कळलेलं नाही!"

ब्रेक्के साहेब तरातरा खाली आमच्यापाशी आले. मी नऊ वाव खाली जाऊन आलो होतो, बुडाला काळी वाळू. आस्लतने ती जिभेवर ठेवली आणि उजवा हात वर केला. आगबोट उजवीकडे वळली.

"इथे कोणता खडक आहे?" साहेबांनी विचारलं. आस्लत गप्प. "अरे, बोल ना!"

डाव्या हाताला, अगदी जवळ, पाणी बुडालेल्या खडकावर फुटून पांढरं झालं आणि मागे गेलं. आस्लतने मला पुन्हा सोडलं. चाळीस वाव दोरी गेली तरी तळ लागला नाही. तेव्हा कुठे तो वळला आणि त्याने खडकाचं नाव सांगितलं. कालच्याच आवाजात, कालच्याच शब्दात.

साहेब जागच्या जागी थिजले. "म्हणजे काल... बोट सरकवून..."

"खडकावर असताना नाव घेत नाहीत हे लोक, साहेब!" हाल्वोर वरून म्हणाला.

साहेबांनी टोपी काढली. "अकराच्या अकरा बरोबर होते," ते पुटपुटले. मग माझ्या बुडाची चिमूटभर वाळू त्यांनी स्वतःच्या जिभेवर ठेवली आणि कितीतरी वेळ तशीच चघळली. "मला नुसतं मीठ लागतंय," ते म्हणाले.

आपण चुकलो असं साहेबांनी राजधानीला लिहून कळवलं. माणूस खरा! रिस्टेनने आस्लतचा कोट धुऊन ठेवला, बिल्ला लावायची जागा आतून टाके घालून घट्ट केली. आणि आम्ही वाट बघत बसलो.

पत्र शरदात आलं. रिस्टेनने ते मनात वाचलं. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. मग ते बोट हळूहळू सरकत कागदाबाहेर, टेबलाच्या उघड्या लाकडावर गेलं. तेव्हाच मला कळलं, मित्रांनो. आस्लतलाही कळलं.

"नाही," ती म्हणाली. "उमेदवाराची भाषा पुरेशी नाही, म्हणतात."

"आणि खडक?"

"खडकांबद्दल काही लिहिलेलं नाही."

चकचकीत बिल्ल्याचा नवा वाटाड्या दक्षिणेहून आला. आस्लत जहाजाच्या टोकाशी उभा राहायचा थांबला नाही, कारण जहाजात माणसं असतात. पण आता तो हळू बोलत नसे. तळ लागला की थेट कप्तानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडे, रिस्टेनने शिकवलेल्या नॉर्वेजियनमध्ये.

आता मी त्याच्या नातीच्या दाराशी असतो. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला तिथे ठेवलंय. खळग्यातली चरबी केव्हाच सुकून गेली. माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही, मी शिसं आहे, मला काही होत नाही. माणसांची घ्या. तुम्ही कधी मोठे होऊन टेबलाच्या त्या बाजूला बसलात आणि समोरचा उत्तर देताना थांबला, तर लगेच फुली मारू नका. जरा थांबा. कदाचित तो अजून खडकावर असेल.