बोडीकरांचा गडवा

मी एक जुना पितळी गडवा आहे. मुर्री गावच्या कवडू बोडीकरच्या घरी माझी हयात गेली. पोटाला पोचा पडलाय, काठ झिजलाय, पण तोरा गेलेला नाही. आणि मित्रांनो, तो का जावा? त्या घरात लग्न ठरले की पहिली पत्रिका माझ्यापुढे ठेवत.

खरे तर हा मान कुळाच्या देवाचा, मूळ गावी जाऊन द्यायचा. पण त्या घराला मूळ गावच ठाऊक नव्हते. कवडूचा बाप सुकराम पाच वर्षांचा असताना नागऱ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेत हरवला. महादेवाला पाणी घालायला मी त्याच्या हातात होतो. मुर्रीच्या लोकांना तो बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या पाळीवर रडताना सापडला. नाव विचारले तर म्हणाला, "सुकराम बोडीकर." गाव विचारले तर म्हणाला, "आमचं गाव." मला गाव ठाऊक होते, पण गडव्याला कोण विचारतो?

पुढे त्याने नाव स्वतः सांगितल्याचे लोक विसरले आणि ठरवून टाकले, बोडीवर सापडला म्हणून बोडीकर. म्हणजे आडनाव चिकटवलेले. कवडूला हे आयुष्यभर झोंबले. (त्याला मी रांगताना पाहिलेय, म्हणून एकेरी बोलतो.) त्याने शोध केला नाही असे नाही. पण आमच्याकडे बोड्या गावोगाव, तसे बोडीकरही गावोगाव. जाईल तिथे एकच प्रश्न, "तुम्ही आमच्यातले कायवरून?"

यंदा नात खुशीचे लग्न ठरले. ती म्हणाली, "आबाजी, आता हे नाव सुटते माझं. त्याच्या आधी ते कोठून आलं हे मले पायजेच." तिने डीएनए तपासणीची पेटी मागवली. आडनावासारखीच बापाकडून मुलाकडे उतरणारी एक खूण लाळेत सापडते म्हणे, आणि तिच्यावरून रक्ताची माणसे शोधता येतात. खुशीचा बाप वारलेला, म्हणून लाळ कवडूचीच हवी होती.

"दिवसभर थुंकूनच तं रायतो मी," असे म्हणत कवडूने नळी भरून दिली. गालातला खर्रा काढायचा मात्र राहिला. तंबाखू-सुपारीचा तपकिरी रस प्रयोगशाळेत पोचला आणि तीन आठवड्यांनी निरोप आला, नमुना निकामी.

खुशीने दुसरी पेटी मागवली. कवडूने खर्ऱ्याची पुडी स्वतः चुलीत टाकली. खर्ऱ्यावाचून या माणसाचे डोळे उघडत नाहीत, मित्रांनो! सकाळपासून चिडला, तरी हटला नाही. माझ्यातल्या पाण्याने गुळण्या करून अर्धा तास कोरड्या तोंडाने बसला. खुशी समोर पहाऱ्याला होती. मला तेव्हा त्याचा फार अभिमान वाटला.

लग्नाला बारा दिवस उरले असताना खूण जुळली. अर्जुनी मोरगावजवळच्या खेड्यातल्या हेमेंद्र बोडीकरांनी हौसेने आधीच तपासणी केलेली होती. खुशीने त्यांना फोन लावला आणि कवडूच्या कानाला धरला. त्यांचा आवाज मलाही ऐकू आला. "आमच्या आज्याचा लहान भाऊ जत्रेत हरपला होता. आजा मरेपर्यंत एकच म्हणे, त्याच्या हाती गडवा मीच देल्ला."

कवडूने मला उचलून मांडीवर घेतले.

त्या गावच्या तळ्याच्या पाळीवर बोडीकरांचा देव आहे. पहिली पत्रिका त्याच्यापुढे ठेवली, पाणी माझ्यातून घातले. शंभर वर्षांपूर्वी घालायचे राहिलेले पाणी होते ते. माझा मान गेला. थोडे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

निघताना खुशी कवडूला म्हणाली, "नाव इथं ठेवून जातो मी. गडवा मले द्या." आता मी तिच्या सासरी आहे.

मला चिंचेने घासा, असे मी मागणार नाही. एवढेच करा, मित्रांनो. जत्रेत लेकराच्या हाती गडवा देण्याआधी त्याच्याकडून गावाचे नाव पाठ करून घ्या.