उठा, मत डरो

कवठगडच्या राजघराण्याची कुत्री तेरच्या वेशीतून आत आली तेव्हा गावातली झाडून सगळी कुत्री त्यांच्या अंगावर धावून गेली आणि दहा पावलांवर येऊन एकाएकी गप्प झाली. कुणी दगड उचलला नव्हता, की कुणी हाड् म्हटलं नव्हतं. राजघराण्याच्या कुत्र्यांनी नुसतं बघितलंही नाही. कारवानी जातीची सात शिकारी कुत्री एकामागं एक चालत होती. उंच पायांची, भरल्या छातीची, कमरेत बारीक. अंगावर जांभळ्या मखमलीच्या झुली. गळ्यात साखळी नाही, दोरी नाही. पुढं अक्कासाहेब नावाची म्हातारी कुत्री, तिच्या मागं बाकीचे वयाप्रमाणं. एक शेळी आडवी आली तर अक्कासाहेब थांबली, शेळीला जाऊ दिलं आणि मग पुढं निघाली. बघणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावला. माणसांच्या लग्नात इतकी शिस्त कुणी पाहिली नव्हती.

दर माघात तुळजापूरचं दर्शन घेऊन परतताना हे घराणं तेरणेच्या काठी आठ-दहा दिवस तळ टाकी. त्या साली लढाईमुळं मोटारीला पेट्रोल मिळेना, म्हणून सगळा लवाजमा बैलगाड्यांतून आणि कुत्री पायी, असा प्रवास होता. कुत्र्यांच्या बरोबर त्यांना सांभाळणारा वीरप्पा होता. आणि कुत्र्यांपासून जितकं लांब राहता येईल तितकं लांब, गाडीच्या पलीकडच्या अंगाला, अंबादासपंत चालत होते.

अंबादासपंत तुळजापूरचे. घराण्याच्या दफ्तरात अठरा वर्षं कारकून. मोडी फर्डी, उर्दू त्याहून फर्डी. हैदराबादला जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या हातचा. गृहस्थ सज्जन, सोवळ्याचे कडक, आणि कुत्र्याला भलते भिणारे. शेवटची गोष्ट त्यांनी अठरा वर्षांत कुणाला कळू दिली नव्हती. कारण कवठगडात कुत्र्याला भिणारा माणूस म्हणजे देवळात राहून घंटेला दचकणारा.

आदल्या वर्षी थोरल्या राणीसाहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं, "पंत, वीरप्पा म्हातारा झाला. त्याच्या माघारी या लेकरांचं कसं करायचं ते सगळं विचारून लिहून ठेवा. दस्तूरच करा."

झालं! पंतांची पाचावर धारण बसली. पण हुकूम तो हुकूम. त्यांनी श्वानखान्याच्या अंगणात खुर्ची टाकली, ती पार या टोकाला, लिंबाखाली. वीरप्पा आणि कुत्री त्या टोकाला. वीरप्पा मुधोळकडचा, गळ्यात लिंग, चाळीस वर्षं या कुत्र्यांत गेलेली, मराठी कामापुरतं. पंतांनी ओरडून विचारावं, त्यानं दोन शब्दांत उत्तर द्यावं, असा तो दस्तूर तयार होत गेला.

आणि लिहिता लिहिता पंतांचा बोरू थबकू लागला, कारण समोर जे दिसत होतं ते खरं वाटत नव्हतं. सात तसराळ्यांत दूध-भाकरीचा काला वाढला जाई. कुत्री जाजमावर ओळीनं बसत, नाकाखाली काला, पण जीभ कुणाची बाहेर येत नसे. वीरप्पा त्यांच्यासमोर मांडी घालून बसे, मान जराशी लववी आणि काहीतरी बोले. मग अक्कासाहेब पहिला घास घेई, आणि तिच्या मागून बाकीचे. खाऊन झालं तरी कुणी उठत नसे. वीरप्पा फडक्यात बांधलेली आपली भाकरी सोडी, तिथंच जाजमावर बसून खाई, आणि त्याचा शेवटचा घास झाला की मगच सातही जण उठत.

पंतांनी हे सगळं लिहून घेतलं. राहिला तो जेवणाआधीचा शब्द. वारा उलटा होता. पंतांच्या कानावर आलं ते "उठा" आणि पुढं "डरी" असं काहीतरी. उठून जवळ जावं आणि नीट विचारावं, एवढंच करायचं होतं. पंत उठले नाहीत. उर्दूत मुरलेल्या त्यांच्या डोक्यानं उरलेलं जुळवून घेतलं आणि त्यांनी वळणदार अक्षरांत लिहिलं: जेवणाचे समयी 'उठा, मत डरो' असे म्हणावे.

राणीसाहेबांनी ते वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. शिलेदाराच्या घरी कुत्र्याच्या पुढ्यात अन्न ठेवतानाही हेच सांगावं, याहून मोठं काय असणार! त्यांनी सातही झुलींवर ते शब्द जरीनं भरून घेतले. येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांना ते दाखवले जाऊ लागले. पंतांना शाल मिळाली. वीरप्पाला देवनागरी वाचता येत नव्हतं, झुलीवरून बोट फिरवत त्यानं विचारलं, "पंत, काय लिवलंय हो?" पंत लांबूनच म्हणाले, "तूच म्हणतोस ते." म्हातारा खूश झाला.

तर असा तो वीरप्पा तेरच्या तळावर दुसऱ्याच दिवशी तापानं पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला. जायच्या आधी त्यानं पंतांना बोलावलं. दफ्तर त्यांच्याकडं होतं ना! पंत राहुटीच्या दाराशी उभे राहिले, कारण आत खाटेभोवती सात कुत्री बसली होती.

"पंत," वीरप्पा म्हणाला, "पोरास्नी उपाशी ठेवू नका."

"नाही ठेवणार," पंत म्हणाले. आणि ते मनापासून म्हणाले.

तेरच्या लिंगायत मंडळींनी म्हाताऱ्याला आपलाच मानून खांदा दिला. त्यांच्या रीतीप्रमाणं त्याला बसवून मूठमाती दिली तेव्हा कुत्री काळ्या रानात पन्नास हातांवर ओळ धरून बसली होती. कुणी त्यांना आणलं नव्हतं. माती पडू लागली तशी अक्कासाहेबनं मान जमिनीला टेकवली आणि मग एकेकानं. भुंकणं नाही, विव्हळणं नाही. शेजारच्या ज्वारीत राखणीला असलेला गडी गोफण खाली ठेवून हात जोडून उभा राहिला. पंतांच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि पहिल्यांदाच तो भीतीचा नव्हता.

त्या संध्याकाळी दस्तुराप्रमाणं काला वाढला. पंत वीस पावलांवर उभे राहिले आणि दफ्तरात बघून मोठ्यानं म्हणाले, "उठा, मत डरो!"

सातही कुत्री उठली. पंतांना वाटलं, जमलं. कुत्री उभी राहून त्यांच्याकडं बघत राहिली, बघत राहिली, आणि परत खाली बसली. काल्याला कुणी तोंड लावलं नाही.

दुःख आहे, होईल कमी, असं सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी पंतांनी आवाज चढवला. कुत्री उठली आणि बसली. शिकारीच्या मटणाचे तुकडे ठेवले, तूप ओतलं. लाळ टपकून जाजम ओलं झालं, पण सातांतल्या एकानंही मान खाली घातली नाही. उपाशी प्राण्यानं नाकाखालचं अन्न असं नाकारावं, हे पंतांच्यानं बघवेना. हे जनावर नव्हे, हे काहीतरी आपल्याहून वरचं आहे, असं त्यांना वाटू लागलं. तिसऱ्या दिवशी अक्कासाहेबच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या आणि उठा म्हटल्यावर तिला उठायला दोनदा प्रयत्न करावा लागला. राहुटीत येऊन पंतांनी आपला भात उचलला आणि तसाच नदीत सोडला. शब्द दिला होता त्यांनी, आणि म्हातारा रानात बसून वाट बघत असेल असं त्यांच्या मनातून जाईना.

तिसऱ्याच संध्याकाळी परांड्याकडचे एक वृद्ध जहागीरदार खास ही कुत्री बघायला आले. राणीसाहेब स्वतः खुर्चीवर बसल्या. "बघा हं," त्या पाहुण्यांना म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. "पंत, सांगा."

पंतांनी घसा साफ केला. "उठा! मत डरो!"

कुत्री धडपडत उठली. आणि तेवढ्यात मागं, भाकरीची पाटी घेऊन उभी असलेली शिवम्मा खुदकन हसली.

शिवम्मा तळावर भाकरी भाजायला येई. तेरच्याच लिंगायताघरची सून, माहेर कानडी मुलखातलं, आळंदचं. पन्नाशीची बाई, तोंडानं फटकळ.

"कोण हसलं?" राणीसाहेबांनी विचारलं.

"चुकी झाली, सरकार," शिवम्मा म्हणाली. "पर जेवाया बसल्याला कुनी उठा म्हनतंय व्हय? ताटावरनं उठवत्यात का कुनाला?"

"तो दस्तूर आहे," पंत घाईनं म्हणाले. "वीरप्पा हेच म्हणायचा."

"वीरप्पा कुठला वो?"

"मुधोळकडचा."

शिवम्मानं कपाळाला हात लावला. "अगं बया! तो कानडी मानूस कशाला उठा म्हनंल? तो ऊटा म्हनत आसंल. ऊटा म्हंजी जेवन. ऊटा माड्री. जेवन करा म्हनायचं!"

ते शब्द हवेत गेले मात्र, सातही कुत्र्यांचे कान ताठ झाले. अक्कासाहेबनं मान वळवून शिवम्माकडं बघितलं, मग तिच्या मागं बघितलं. कुणाला तरी शोधत होती ती. कुणी दिसलं नाही तशी ती खाली बसली.

राणीसाहेबांची नजर पंतांवर आली. झुलींवरची जर संध्याकाळच्या उन्हात लखलखत होती. उठा, मत डरो. सात ठिकाणी.

"पंत, वीरप्पा नक्की काय म्हणत होता?"

एक वाक्य पुरलं असतं. बाई अडाणी आहे सरकार, तिला काय कळतं! भाकरीवालीपेक्षा अठरा वर्षांच्या कारकुनाचं कोणीही ऐकलं असतं. शाल राहिली असती, अब्रू राहिली असती. पंतांनी अक्कासाहेबच्या बरगड्यांकडं बघितलं.

"मला ठाऊक नाही, सरकार," ते म्हणाले. "मला नीट ऐकू आलं नाही. मी फार लांब बसलो होतो."

"लांब का?"

"भीती वाटत होती. कुत्र्यांची. अठरा वर्षं वाटते आहे."

पंतांचे कान तापले होते. राणीसाहेब म्हणाल्या, "आता जवळ जा."

पंतांनी जोडा काढला. ती वीस पावलं त्यांनी कशी टाकली ते त्यांचं त्यांना माहीत. जाजमावर त्यांनी वीरप्पासारखी मांडी घातली. सात तोंडं हातभर अंतरावर आली. श्वास गालाला लागू लागला. अक्कासाहेबच्या डोळ्यांत इतक्या जवळून ते पहिल्यांदाच बघत होते. पिवळसर, थकलेले, अगदी शांत डोळे. त्यांत राग नव्हता. तीन दिवस आपल्याला उपाशी ठेवणाऱ्या माणसाला ती नुसती ओळखून घेत होती.

"ऊटा माड," पंत पुटपुटले.

कुत्री हलली नाहीत.

"आसं नगं, पंत!" शिवम्मा मागून म्हणाली. "आरं-तुरं झालं त्ये. राजाघरची हायत. री म्हना, री. माड्री."

"सुभानल्ला!" जहागीरदार खुर्चीत पुढं सरकले. "कुत्तों को भी आप!"

पंतांना मग वीरप्पाची ती लवलेली मान आठवली. चाळीस वर्षं तो म्हातारा हुकूम सोडत नव्हता. रोज संध्याकाळी तो पाहुण्यांना जेवायला बसा म्हणत होता. पंतांनी मान लववली.

"ऊटा माड्री."

अक्कासाहेबनं मान खाली घातली आणि पहिला घास घेतला. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. घाई नाही, ओढाताण नाही, तीन दिवसांच्या उपासावरही नाही. लपलप आवाजाखेरीज तळावर काही ऐकू येत नव्हतं. राणीसाहेब पदरानं डोळे टिपत होत्या. शिवम्मा ओठ घट्ट मिटून उभी होती. पंतांच्या गुडघ्याला एका कुत्र्याची शेपटी घासत होती आणि त्यांनी गुडघा मागं घेतला नाही.

तसराळी चाटून लख्ख झाली. कुत्री उठली नाहीत. सातही जण पंतांच्या तोंडाकडं बघत बसली.

"आता काय राहिलं?" राणीसाहेबांनी विचारलं.

पंतांना ठाऊक होतं. दस्तुरातलं ते कलम तेवढं त्यांनी अगदी बरोबर लिहिलं होतं. वाढणारा जेवल्याखेरीज ही कुत्री उठत नाहीत.

शिवम्माला सांगावं लागलं नाही. तिनं पाटीतली एक भाकरी घेतली, वर चिमूटभर चटणी ठेवली आणि वाकून पंतांच्या पुढं धरली. "पंत," ती म्हणाली, "ऊटा माड्री."

पंतांचा हात अर्ध्यावर थांबला. परक्या घरची भाकरी, परक्या हातची, कुत्र्यांच्या जाजमावर बसून, सोवळं नाही, आचमन नाही. तुळजापूरची सगळी आळी त्यांच्या डोळ्यांपुढं उभी राहिली.

अक्कासाहेब वाट बघत होती.

"पंत," राणीसाहेब मागून हळूच म्हणाल्या. त्या हसत होत्या का, ते पंतांना दिसत नव्हतं. "मत डरो."

अंबादासपंतांनी भाकरी घेतली आणि तिथंच बसून शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. मग सातही कुत्री उठली.