पूर्वरंगात उठलेली कमिटी

या, अशा जवळ सरका. चपला राहू द्या तिथेच, कोणी नेत नाही. कीर्तनाला उशिरा येणाऱ्याला खांबामागे बसवतात, पण तुम्हाला पुढची जागा देते, कारण एक हार भलत्याच गळ्यात कसा पडला ते जवळूनच ऐकायला हवं.

तिकडे कन्नड मुलखात, जे. पी. नगरच्या एका सरकारी हायस्कुलात मी शिवण शिकवत होते, दोन-तीन वर्षं झाली असतील. मालनबाई तिथे विज्ञान शिकवायच्या. त्यांचे वडील आप्पाजी जन्मभर कीर्तनकार. ते गेले, झांजा मालनबाईंकडे आल्या, आणि बाईंनी त्या सरळ शाळेत आणल्या. पाण्याच्या टाकीजवळची अडगळीची खोली स्वतः झाडून घेतली आणि दर बुधवारी नापासाच्या काठावरच्या मुलींना तिथे विज्ञान गाऊन शिकवू लागल्या. भाषा कन्नड, घाट कीर्तनाचा. आधी पूर्वरंगात तत्त्व, मग उत्तररंगात त्या तत्त्वाची कथा. काठावरच्या मुली पास होऊ लागल्या. देवाची कृपा म्हणा, झांजेची म्हणा, मला दोन्ही एकच.

हेडमास्तर कृष्णमूर्तींना मात्र झांजेने डोकं दुखायचं. तशात बोम्मसंद्र्याच्या एका पंपाच्या कारखान्याने जाहीर केलं की कल्पक शिक्षकांच्या प्रकल्पांना अनुदान देणार. कृष्णमूर्तींनी बाईंना बोलावून सांगितलं, की अनुदान मिळालं तर खोली तुमची. नाही मिळालं तर ज्याला मिळेल त्याची, आणि झांजा घरी. बाई ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणाल्या आणि अर्ज भरायला बसल्या. अर्जात ‘अपेक्षित नावीन्य’ असा रकाना होता. बाईंनी लिहिलं, ‘मुलींना समजेल.’ मी म्हटलं, अक्का, एवढ्याने भागायचं नाही. त्या म्हणाल्या, याहून नवीन या शाळेत काय घडलंय?

कारखान्याची कमिटी आली. प्रमुख उल्हास नावाचे इंजिनिअर, पुण्याहून नुकतेच आलेले, मराठी बोलायला माणूस मिळाला म्हणून खूष. विषय होता हृदय. बाईंनी पूर्वरंग असा रंगवला, की चार कप्पे आणि झडपा मलाही दिसू लागल्या. मग नेहमीप्रमाणे गजर झाला आणि रक्षिता नावाची मुलगी मोगऱ्याचा हार घेऊन उठली.

आता तुम्हाला ठाऊकच आहे, कीर्तनात हार मध्ये घालतात. पूर्वरंग संपला, बुवांनी घोटभर पाणी प्यायचं, बुक्का लावायचा, हार घालायचा, आणि खरी कथा पुढे. पण सरकारी माणसाने हार पाहिला की त्याला एकच कळतं, समारंभ आटोपला. शिवाय हार म्हणजे आपलाच. कृष्णमूर्ती पुढे झाले आणि मान वाकवून उभे राहिले. पोर बिचारी काय करणार, घातला. त्यांनी तिथेच आभार मानले, कमिटीने टाळ्या वाजवल्या आणि सगळे उप्पिटाकडे चालू लागले.

बाई हातातली झांज तशीच धरून उभ्या. मग मुलींकडे वळल्या आणि उत्तररंग सुरू केला. अर्ध्यात टाकायचा नसतो ना. एक रक्ताचा थेंब, नाव गिरिजा. देवनहळ्ळीहून दमून मेजेस्टिकच्या बसस्टँडवर येते, उजव्या फलाटावर. तिथून लालबाग, स्वच्छ हवा घ्यायला. पण लालबागेतून थेट जे. पी. नगर नाही. परत स्टँडवर, डाव्या फलाटावर, आणि मगच घरोघर. स्टँड म्हणजे हृदय, बाग म्हणजे फुप्फुसं. ऐकायला आम्ही तिघी-चौघी शिक्षिका आणि त्या मुली. कमिटी उप्पीट खात होती.

अहवाल आला: ‘तत्त्व सांगितले, उपयोजन आढळले नाही.’ अनुदान पुरुषोत्तम सरांच्या थर्मोकोलच्या हृदयाला गेलं. लाल-निळे दिवे, बटण दाबलं की रक्त धावतं. बाईंची खोली त्याला मिळाली, आणि भलं मोठं कुलूपही.

उद्घाटनाला उल्हासांनी बटण दाबलं. दिवे पळाले, हृदयातून फुप्फुसांत आणि फुप्फुसांतून थेट पायांत. पंप बनवणाऱ्यांनीच टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात रक्षिता शांतपणे म्हणाली, “सर, गिरिजा लालबागेतून स्टँडवर आलीच नाही.”

कृष्णमूर्ती म्हणाले, “नॉनस्टॉप असेल. तू बस खाली.”

पण उल्हास वाकले, तारेवरून बोट फिरवत गेले आणि कानापर्यंत लाल झाले. परतीची तारच नव्हती. गिरिजा कोण, ते त्यांनी विचारलं. रक्षिताने सांगितलं, तुम्ही उप्पिटाला गेलात ना, त्यानंतरची.

तुम्हाला वाटेल, आता न्याय होईल. अहो, तीन वर्षांत त्याच शाळेला दुसरं अनुदान नाही, असा नियम आहे. तार जोडायला मालनबाईंनाच बोलावलं आणि त्यांनी ती जोडली, कारण मुली चुकीचं बघतील हे त्यांना सोसवेना. पुढच्या अहवालात लिहिलं होतं, ‘प्रकल्पामुळे विद्यार्थिनींची निरीक्षणशक्ती लक्षणीय वाढली.’

जाताना उल्हासांनी हळूच विचारलं होतं, “बाई, मला ती उरलेली गोष्ट सांगाल का?”

बाई म्हणाल्या, “उठून गेलेल्याला उत्तररंग सुटा देत नाहीत, साहेब. बुधवारी सायकल स्टँडजवळ या. पूर्वरंगापासून बसावं लागेल.”

ते अजून यायचेत. खोलीला अजून कुलूप आहे, आत हृदयावर धूळ साचलीय. बाहेर सायकलींच्या पत्र्याखाली, झांजांना जुना रुमाल गुंडाळून, बाई अजून गातात. हेडमास्तरांचं डोकं दुखू नये म्हणून रुमाल. काठावरच्या मुली अजून पास होतात.

आता उठा, पण एवढं करा. कधी छातीवर हात गेला आणि आत धडधड लागली, तर समजा गिरिजा स्टँडवर पोचली. तेव्हा आमच्या मालनबाईंची आठवण काढा. हार राहिलाच आहे त्यांचा.